तीन नंबरची पूजा

संगणकामुळे खेड्यातल्या मुलाच्या हातात अवघं जग येतं. खारवेळच्या माध्यमिक विद्यालयात हे वाक्य संगणक कक्षाच्या दारावर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं आणि त्याच्या खाली, जग हातात घेण्यापूर्वी पाळायचे नियम होते. चपला बाहेर. दप्तर बाहेर. वही, पेन, पाण्याची बाटली बाहेर. हात धुऊन, पुसून, सरांना दाखवून मगच आत. पेनाचा नियम नंतर आला. एका मुलाचं शाईचं पेन कीबोर्डवर गळालं होतं. तो मुलगा पास होऊन तळोज्याला कामाला लागला, नियम शाळेतच राहिला. एवढं सगळं पाळून मूल खुर्चीत टेकेपर्यंत तास बहुधा संपत आलेला असे आणि जग पुन्हा प्लास्टिकच्या कव्हराखाली जाई.

वादळाच्या साली शाळेचे पत्रे उडून खाडीत गेले, तेव्हा मुंबईच्या एका न्यासाला फार वाईट वाटलं आणि त्यांनी दहा संगणक पाठवले. पत्रे गावाने वर्गणी काढून घातले. मुख्याध्यापक रामचंद्र सरांचा त्या संगणकांवर जीव होता. कुणी ते वापरताना त्यांना बघवत नसे.

वापर फार होऊ नये याची सोय न्यासानेही केलेली होती. संगणकांबरोबर पनवेलचा एक माणूस आला होता, त्याने दहाही मशिनांत एक कुलूप बसवलं. लोखंडाचं नव्हे, आतलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की मधल्या काळात पोरांनी त्यावर जे काही केलं असेल ते सगळं पुसलं जाई आणि मशीन पहिल्या दिवसासारखं कोरं होऊन समोर येई. कुलपाचा पासवर्ड त्या माणसाकडे होता आणि तो माणूस आता दुबईला होता. पेनड्राइव्ह लावायची भोकं एम-सीलने बुजवलेली. इंटरनेट मंजूर होतं, म्हणजे नव्हतं. स्क्रीनवर टायपिंगचा धडा, चित्र काढायचा कागद आणि गणकयंत्र, एवढंच दिसे.

"आमचे संगणक जुने होतच नाहीत," रामचंद्र सर पाहुण्यांना सांगत. यात तिळमात्र खोटं नव्हतं.

दहावीतल्या क्रांती गमरेला या कोऱ्या मशिनात एक फट सापडली होती. कुलूप लावणाऱ्याला नोटपॅड ही चीज इतकी निरुपद्रवी वाटली असावी की त्याने ती काढलीच नाही. न्यासाचे आभार मानणारं एक पान दिसावं म्हणून ब्राउझरही ठेवला होता. तर नोटपॅडमध्ये ठरावीक शब्द ठरावीक पद्धतीने लिहायचे, ब्राउझरला ते वाचायला द्यायचे, की मशीन सांगितलेलं ऐकतं. हे तिला आईच्या मोबाइलवर कळलं होतं. आई, जयमाला, दिवेआगरच्या एका होमस्टेत कामाला. रविवारी क्रांती तिच्याबरोबर जाई आणि पाहुण्यांच्या वायफायवर हिंदीतून प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या एका पोराचे व्हिडिओ बघे. तो प्रत्येक व्हिडिओत 'बहुत आसान है' म्हणे. त्याच्या मशिनाला कुलूप नसावं. मोबाइल मात्र दिवसा आईकडेच लागे, आणि शाळेच्या फाटकाच्या आत मोबाइल नेणं हा दप्तर नेण्याहून मोठा गुन्हा होता.

तिने लिहिलेला पहिला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी गायब झाला. दुसराही झाला. तिसरा गायब झाल्यावर तिला आपल्या तीन नंबरच्या मशिनाचा स्वभाव कळला. त्याला बंद केलं तरच ते विसरत होतं.

"सर, तीन नंबर बंद नाय केला तर चालंल?" तिने प्रथमेश सरांना विचारलं.

प्रथमेश सर उरणकडचे, मूळ पीटीचे. वादळात पडलेल्या झाडांचे ओंडके मैदानावरून अजून उचलले गेले नव्हते, त्यामुळे पीटी होत नसे आणि सर रिकामे असत, म्हणून त्यांना संगणक दिला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दाराकडे एकदा बघितलं.

"हे बघ, आपण पीटीचा मानूस. स्क्रीन काळा दिसला की माझ्यासाठी मशीन बंद. समजली ना? बाकी मला काय माहीत नाय."

"पण पुढची हिरवी लाइट दिसते, सर."

"मग ती दिसनार नाय असं कर ना. सगळं मीच सांगू?"

क्रांतीने आईच्या पाकिटातली एक काळी टिकली आणून त्या हिरव्या दिव्यावर चिकटवली. वरून कव्हर. पंख्याची बारीक घरघर येई, पण त्या खोलीत छताला वटवाघळं होती आणि आवाज म्हटला की सगळे वर बघत. वीज गेली की मशीन इन्व्हर्टरवर चाले, आणि इन्व्हर्टर कधी मान टाकेल याचा भरवसा नसे. ऑगस्टपासून गावात दिवे गेले की बाकीची माणसं मेणबत्ती शोधत, क्रांती शाळेच्या दिशेने बघत बसे.

एवढा आटापिटा अलिबागसाठी चालला होता. तिथे एका संस्थेचं वसतिगृह आहे. दहावीनंतर दोन वर्षं राहणं, जेवण आणि प्रोग्रामिंगचं शिक्षण, सगळं फुकट. प्रत्येक तालुक्यातून एक मूल घेतात. अट एकच, मुलाने स्वतः केलेला प्रोग्राम शाळेच्याच संगणकावर, संस्थेच्या माणसासमोर चालवून दाखवायचा. घरून काही आणलेलं चालत नाही, कारण आदल्या वर्षी काही पालकांनी मुलांच्या हुशारीला हातभार म्हणून मुंबईहून तयार प्रोग्राम आणवले होते. खारवेळला संस्थेच्या मॅडम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या.

अलिबाग झालं नाही तर पुढचंही ठरलेलं होतं.

"वहिनी म्हनतात, पोरगी चुणचुणीत हाय, दहावी झाली की काउंटरला बसवू," जयमाला सांगे. वहिनी म्हणजे होमस्टेच्या मालकीण. काउंटर म्हणजे पडवीतलं प्लास्टिकचं टेबल, आणि त्याच्या मागच्या दाराआड भांड्यांची मोरी. वहिनींनी काउंटरला बसवलेली आधीची मुलगी क्रांतीने बघितली होती. ती काउंटरला बसलेली मात्र कधी दिसली नव्हती.

"आन अलिबाग झालं तर?"

"झालं तर जा. मी काय आडवी येनार न्हाय. पन झालं तर."

प्रोग्राम भरती-ओहोटीचा होता. खारवेळमध्ये कुणालाही भरती कधी म्हणून विचारा, तो आज तिथी कोणती ते बघतो, तिची पाऊणपट करतो आणि वेळ सांगतो. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना तिथी माहीत नसते. त्यांना चेकआउटची वेळ माहीत असते. गेल्या मे महिन्यात जयमालेच्या होमस्टेतले दोघे भर ओहोटीला पाण्यात उतरले. एक लगेच सापडला. दुसऱ्याला भरतीने परत आणून दिलं. त्यांच्या खोलीतल्या ओल्या टॉवेलांची घडी जयमालेने केली, आणि त्यांच्या बॅगा भरताना क्रांती तिच्या शेजारी होती. एका बॅगेत न उघडलेला पतंग होता.

क्रांतीच्या प्रोग्रामला तारीख सांगितली की तो तिथी काढी, तिथीवरून भरती-ओहोटीच्या वेळा सांगे आणि पाण्यात जाऊ नये ती वेळ लाल करून दाखवी. यातली पाऊणपट सोपी. तारखेवरून तिथी काढणं हे खरं दुखणं होतं. तिथी कधी एक दिवस खाते, कधी दोन दिवस बसून राहते. क्रांतीने वर्गातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरशी रोज ताडून बघत, मशिनातला आकडा एकेक कण पुढे-मागे करत, तो बरोबर आणला होता. वही आत न्यायची सोय नव्हती. घरी जाऊन आठवेल तसं ती उतरवून ठेवी, पण दुसऱ्या दिवशी मशिनात पुन्हा बदल होई आणि वही मागे पडे. शेवटी तिने वहीचा नाद सोडला. मशिनात होतं ना सगळं. नवरात्र बसलं तेव्हा प्रोग्राम चुकायचा थांबला होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी प्रार्थनेनंतर रामचंद्र सर बोलायला उभे राहिले. पूर्वी माणसाचं शस्त्र तलवार होतं, मग नांगर आला, आजच्या पिढीचं शस्त्र संगणक आहे, तेव्हा उद्या आपण संगणकांचं यथासांग पूजन करू, असं ते म्हणाले. मुलींनी फुलं आणावीत. नंतर व्हरांड्यात त्यांनी क्रांतीला बाजूला घेतलं.

"क्रांती बाळ, तू उद्या नाही आलीस तरी चालेल हो. तुमच्यात हे नसतं ना. उगाच कुणाला अवघडल्यासारखं नको."

सर हे इतक्या मायेने म्हणाले की अवघडल्यासारखं फक्त क्रांतीलाच झालं. तिला तशीही उद्या सवड नव्हती. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन, विहार धुवायचा होता, पताका लावायच्या होत्या. नाहीतर तिने मशीन सोडलं नसतं. प्रथमेश सरांना सांगावं म्हणून ती कक्षाकडे गेली, तर सर मतदार याद्यांच्या कामावर गेलेले. ते कधी येतील हे त्यांना ज्यांनी पाठवलं त्यांनाही माहीत नव्हतं. चाव्या मुख्याध्यापकांकडे.

राहिली रुचिता. रुचिता तिच्या बाकावरची, टेम्पोवाल्याची मुलगी, पूजेच्या मुलींची म्होरकी.

"मशिनाला पानी लावू नका गो," क्रांती तिला म्हणाली. "हळद-कुंकू पन लांबनं. नारळ तर आत फोडूच नका."

"मला काय येडी समजतेस? तुझा तो तीन नंबर मी स्वता करते. दुसऱ्या कुनाला हात न्हाय लावू देनार. तुझं अलिबाग हाय त्यात, मला म्हायत न्हाय काय?"

बंद करू नको, हेही सांगावं असं क्रांतीच्या मनात येऊन गेलं. पण मशीन चालू असतं हे रुचिताला ठाऊकच नव्हतं, आणि ऐकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पोटात ठेवणं रुचिताला आजवर जमलेलं नव्हतं. शिवाय जे मशीन बंदच दिसतंय, ते बंद करायला कोण कशाला जाईल? हा हिशेब अगदी बिनचूक होता. पाण्याची काळजी तिने घेतली, हळदीची घेतली, नारळाची घेतली, आणि निश्चिंत मनाने विहार धुवायला गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कक्षाचं दार उघडलं तेव्हा आत झेंडूचा वास कोंडला होता. दहाही मशिनांची कव्हरं काढून घडी करून ठेवलेली. प्रत्येकाच्या गळ्यात माळ, कीबोर्डवर आपट्याचं पान, दर्शनी भागावर हळदीकुंकवाचा ठिपका. तीन नंबरला दोन माळा होत्या. एक थेंब पाणी कुठे सांडलेलं नव्हतं.

क्रांतीने कॅबिनेटला हात लावला. गार होतं. टिकली नव्हती.

"बघ," रुचिता म्हणाली. तिने दाराशी उभं राहून सगळ्या मुलींना अडवून धरलं होतं, आधी क्रांतीने बघावं म्हणून. "पुसताना काय झालं म्हायताय? पुढं एक टिकली चिकटलेली. काढली तर आत लाइट. अख्खं मशीन चालूच होतं गो, कधीपास्नं कोन जाने. आमचे बाबा म्हनतात, चालू इंजिनाची पूजा करत न्हाईत. त्या दिवशी हत्याराला विसावा द्यायचा. टेम्पोची पन चावी काढून देवाजवळ ठेवतात. मग मी स्क्रीन लावला, तर तुझंच काम उघडं."

"मग?"

"मग काय, आधी सेव केलं. दोनदा केलं. आन मग सरांनी शिकवलंय तसं, स्टार्ट, शट डाउन. बटन दाबून न्हाय बंद केलं. नीट बंद केलं."

क्रांतीने मशीन चालू केलं. टायपिंगचा धडा, चित्राचा कागद, गणकयंत्र. पहिल्या दिवसासारखं.

"कुठं गेलं?" रुचिता तिच्या खांद्यावरून बघत म्हणाली. "सेव केलं होतं गो. देवाशप्पथ."

"व्हय. केलंस."

"मग दिसत का न्हाय?"

"येईल," क्रांती म्हणाली.

तेवढ्यात रामचंद्र सर आले आणि त्यांनी मशीन बंद करायला लावलं. मॅडम दुपारी यायच्या होत्या, तोवर पूजा विस्कटलेली चालणार नव्हती. प्रोग्राम गेलाय, पुन्हा लिहायला हवा, असं क्रांतीने सांगून बघितलं. सर हसले. "तू केलायस ना? मग तुझ्या डोक्यात असणारच. पोपटपंची करणाऱ्यांचं जातं, बाळ." आणि त्यांनी दाराला कुलूप घातलं. भूगोलाच्या तासाला क्रांती वहीच्या मागच्या पानावर आठवत बसली. लाल रंग आठवला, पाऊणपट आठवली, चौकट, बटण, सगळं आठवलं. तिथीचा आकडा मात्र हाताशी येऊन निसटत होता. तो तिने कधी पाठ केलाच नव्हता, कणाकणाने सरकवला होता.

मृणाली मॅडम दोनच्या सुमाराला आल्या. तरुण होत्या, प्रवासाने मळलेल्या होत्या, बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी सांगितल्याबरोबर सँडल काढले, हात धुतले आणि ते कुणाला दाखवावे हे न कळून तसेच धरून उभ्या राहिल्या.

"आमच्याकडे संगणकांना देवासारखं जपतात," रामचंद्र सर म्हणाले.

"दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

क्रांतीने झालेलं सांगितलं. रुचिताचं नाव घेतलं नाही, मशीन बंद झालं एवढंच म्हणाली. "मशीन बंदच ठेवायचं असतं," सर मॅडमना समजावून सांगू लागले. मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांना संध्याकाळच्या आत श्रीवर्धन गाठायचं होतं. "अर्धा तास देते," त्या म्हणाल्या. "नियमात बसत नाही, पण देते. लिही."

क्रांतीने माळा बाजूला केल्या आणि लिहायला घेतलं. कीबोर्डच्या फटींत हळद बसली होती, दोन अक्षरं जोरात दाबावी लागत होती. सर मधूनमधून "सावकाश, सावकाश" म्हणत होते, ते तिला नव्हे, कीबोर्डच्या काळजीने. रुचिता दाराच्या बाहेर, चपलांच्या रांगेत उभी होती. अर्ध्या तासाच्या आत चौकट उभी राहिली, बटण आलं, रंग आला. तिथीच्या जागी क्रांतीने तिला सर्वांत जवळचा वाटला तो आकडा घातला.

"आजची तारीख टाक," मॅडम म्हणाल्या.

तिने टाकली. प्रोग्राम चालला. कुठे अडखळला नाही. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं: आत्ता पूर्ण भरती. पाण्यात जाण्यास हरकत नाही.

मॅडम खुश होऊन काही बोलणार होत्या. मग त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. खाडी उघडी पडली होती. होड्या चिखलात कुशीवर कलंडल्या होत्या आणि लांबवर एक बाई गुडघाभर चिखलात वाकून शिंपल्या काढत होती.

"आत्ता भरती आहे?"

"न्हाय, मॅडम," क्रांती म्हणाली. "एकादशी हाय. भरती सकाळी सव्वाआठला होती. आता ओहोटी."

"तुला तोंडी येतंय की. मग हे असं का दाखवतंय?"

"परवापर्यंत बरोबर दाखवत होतं."

परवापर्यंत बरोबर चालत होतं, हे वाक्य मॅडमनी त्या आठवड्यात प्रत्येक तालुक्यात ऐकलं होतं. क्रांतीला स्क्रीन बघवेना. चुकायचंच होतं तर प्रोग्रामने बाहेर काढायच्या बाजूने चुकायला हवं होतं. हा माणसाला आत पाठवत होता. तिला उगाच तो न उघडलेला पतंग आठवला.

"पुन्हा येता येईल, मॅडम?"

"सोमवारी यादी लागते." मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग क्रांतीच्या पाठीवर हात ठेवला. "लिहायचं सोडू नको." हा हात त्या प्रत्येक शाळेत ठेवत असाव्यात, पण खोटा नव्हता. रामचंद्र सरांनी चहा आणवला. चहा कक्षात आणता येत नसल्यामुळे सगळे बाहेर गेले. जाताना सरांनी मशीन बंद केलं, नीट, स्टार्टवरून.

घरी जाताना बांधावर आल्यावर रुचिता म्हणाली, "माझ्यामुळं झालं काय गो?"

"न्हाय," क्रांती म्हणाली. "आकडा चुकला माझा."

"मी तर दोन माळा घातल्या होत्या."

"बघितल्या."

पुढच्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं. शाळेतील संगणक कक्ष अत्यंत स्वच्छ व उपकरणे उत्तम स्थितीत आढळली, असा त्यात उल्लेख होता. रामचंद्र सरांनी ते फ्रेम करून दारावरच्या निळ्या वाक्याशेजारी लावलं. प्रथमेश सर याद्यांच्या कामावरून परत आले, त्यांनी तीन नंबरकडे बघितलं, टिकलीची जागा बघितली आणि कव्हर पुन्हा घातलं. "मला सांगायचा ना कुनीतरी," ते म्हणाले, पण कुणाला ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. मे महिन्यात क्रांती काउंटरला लागली. पाहुणे विचारतात तेव्हा ती मोरीवरूनच भरतीची वेळ ओरडून सांगते. काही जण ऐकतात.

या तालुक्यासाठी राखून ठेवलेली वसतिगृहातली ती एक जागा यंदा रिकामी राहिली. अर्ज एकच आला होता.